कार्ड घासलं ग्राहकानं, पैसे कटले दुकानदाराचे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटच्या पानावर दोन ओळी टाकल्या होत्या की कार्ड, क्यूआर, मशीन यांच्या पैशांची काही भानगड असेल तर लिहून पाठवा. वाटलं होतं ओटीपीवाल्या फसवणुकीचीच पत्रं येतील. आली भलतीच. नागपुरातल्या इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ, पार मनीषनगरपर्यंतचे लोक एकच विचारून राहिले, हे कापलेले पैसे जातात कुठं? सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम टाकली नाहीत, दुकानदारांना त्याच बँकेत रोज जावं लागतं.

प्रश्न : माझं गोकुळपेठेत साड्यांचं दुकान आहे. परवा एका ताईंनी १०,००० च्या साड्या क्रेडिट कार्डावर घेतल्या, दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले ९,७८७ रुपये ६० पैसे. मशीन बसवून गेलेला पोरगा म्हणतो हा कार्ड कंपनीचा चार्ज आहे, आमच्या हातात काहीच नाही. खरंच सगळे कार्ड कंपनीला जातात का?
— साडीवाले, गोकुळपेठ

उत्तर : नाही भाऊ, त्यानं अर्धंच सांगितलं. आधी हिशोब लावून बघा. तुमचा रेट १.८ टक्के असणार, १०,००० वर झाले १८०, त्या १८० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२ रुपये ४० पैसे, दोन्ही मिळून २१२.४०. तंतोतंत जुळतं. जीएसटीचे सरकारकडे गेले आणि तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर ते इनपुट क्रेडिट म्हणून धरता येतात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात, कंपोझिशनमध्ये (छोट्यांच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर विसरा. (व्यवहार २,००० च्या आतला असता तर या चार्जवर जीएसटी लागलाच नसता, कार्डाच्या छोट्या व्यवहारांना तेवढी सूट आहे, बिलात तपासून घ्या.)

आता राहिले १८०. याला एमडीआर म्हणतात, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट, आणि त्यात तीन वाटेकरी आहेत. तुम्हाला मशीन देणारी बँक, म्हणजे अक्वायरर. मग व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्यासारखं नेटवर्क. आणि त्या ताईंना ज्या बँकेनं कार्ड दिलं ती, म्हणजे इश्युअर. क्रेडिट कार्डात सगळ्यात मोठा तुकडा या इश्युअरच्या ताटात पडतो आणि त्यालाच इंटरचेंज म्हणतात. ही बँक तुम्ही कधी पाहिलीसुद्धा नसेल, तिच्याशी तुमचा कागद नाही, करार नाही, तरी तुमच्या गल्ल्यातून सगळ्यात जास्त तीच नेते. बँक म्हणेल आम्ही त्या ताईंना दीड महिना बिनव्याजी उधारी देतो, पैसे बुडाले तर आमचे बुडतात, फ्रॉड झाला तर निस्तरतो, पॉइंट देतो. यातलं काही खरंही आहे. पण ही उधारी तुमच्या खिशातून ठरली आणि ठरवताना तुम्हाला कोणी विचारलं नाही, हेही तेवढंच खरं.

तर तुमच्या हातात काय आहे? इंटरचेंज नाही, नेटवर्कची फी नाही, पण अक्वायररचा मार्जिन आहे. तो ठरलेला नसतो, बोलून कमी होतो. बँकेला विचारा की मला सगळ्या कार्डांना एकच सरसकट रेट लावलाय का वेगवेगळा? सरसकट रेटमध्ये साध्या कार्डवाल्याच्या व्यवहारावर बँक कमावते आणि प्रीमियम किंवा कंपनीच्या कार्डावर थोडी गमावते, आणि तुमच्या दुकानात साधीच कार्डं जास्त येत असतील तर तोटा तुमचा. दुसरं म्हणजे महिन्याचं स्टेटमेंट उघडून डेबिटची ओळ वेगळी शोधा. डेबिट कार्डाला क्रेडिटचा रेट लावलेला दिसला तर तिथंच भांडा, कारण डेबिटला रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातलेली आहे, ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्याची अंगठी इतवारीच्या सराफ्यात घेतली. ५०,००० ची. डेबिट कार्ड काढलं तर दुकानदार म्हणे कार्डावर २ टक्के एक्स्ट्रा लागतील. १,००० जास्तीचे दिले कारण मुहूर्ताची घाई. हे कायद्यात बसतं का?
— एक वडील, महाल

उत्तर : बसत नाही काका, आणि वरून त्यात दुकानदारानं नफाही काढला.

६ डिसेंबर २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं सर्क्युलर काढलं, १ जानेवारी २०१८ पासून लागू. आधीच्या वर्षी ज्याची उलाढाल २० लाखांपर्यंत, त्या छोट्या दुकानदाराला डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहारात २०० रुपयांवर जायचंच नाही. त्याहून मोठ्याला ०.९० टक्के, कमाल १,०००. क्यूआर कोडवरून कार्ड चाललं तर दोन्हींत ०.१० कमी. आता सराफ आहे म्हणजे मोठाच धरू. ५०,००० वर ०.९० टक्के म्हणजे ४५०, वर जीएसटी ८१, झाले ५३१. तुमच्याकडून घेतले १,०००. उरलेले ४६९ कोणत्या खात्यात गेले ते तुम्हीच समजून घ्या. आणि समजा २ लाखांचा हार असता तर बँकेनं सराफाकडून १,००० च्या वर घेतलेच नसते, पण तुम्हाला २ टक्क्यांनी ४,००० सांगितले असते. तुमचं कार्ड रुपे डेबिट असेल तर अजूनच वाईट, कारण त्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. म्हणजे जो खर्च झालाच नाही तो वसूल केला.

त्याच २०१७ च्या सर्क्युलरमध्ये बँकांना स्पष्ट सांगितलंय की तुमच्या दुकानदारानं डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकावर टाकायचा नाही, हे तुम्ही बघा. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१३ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं डेबिटवरची जास्तीची वसुली चुकीची म्हटलेलंच होतं.

इथं एक बारकावा आहे जो व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये कधीच नसतो. नियम बँकेवर आहे, सराफावर थेट नाही. रिझर्व्ह बँक सराफाला नोटीस काढत नाही, त्याचा परवाना तिच्याकडे नाहीच. सराफ बांधलेला आहे तो मशीन देणाऱ्या बँकेच्या करारानं. म्हणून तक्रार करताना दुकानाचं नाव घेऊन आरबीआयला लिहिलं तर ते पत्र कुठंतरी पडून राहील. चार्ज स्लिप काढा, कागदावरची छपाई उडून जायच्या आत मोबाइलवर फोटो घ्या, त्यावर मशीनच्या बँकेचं नाव, एमआयडी (दुकानदाराचा नंबर) आणि टीआयडी (मशीनचा नंबर) असे दोन नंबर छापलेले असतात. त्या बँकेला ईमेल करा, या एमआयडीच्या दुकानदारानं अमुक तारखेला डेबिट कार्डावर २ टक्के जास्त घेतले, कराराप्रमाणे कारवाई करा आणि पैसे परत मिळवून द्या. कॉपी तुमच्या कार्डाच्या बँकेला. जास्तीचे पैसे बिलात लिहून घेतले असतील तर केस पक्की, चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून दिले असतील तर तीही चिठ्ठी ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे, फी नाही, वकील नको. संविधान चौकातल्या आरबीआयच्या इमारतीत खेटे घालायचीही गरज नाही, कागदावरची तक्रार असली तरी ती चंदीगडच्या केंद्रात जाते. दुकानदाराविरुद्धच जायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग.

क्रेडिट कार्डाचं मात्र वेगळं. तिथं एमडीआरला रिझर्व्ह बँकेनं वरची मर्यादाच घातलेली नाही. दुकानदार आणि बँकेच्या करारात साधारण अट असते की ग्राहकावर जास्तीचा बोजा टाकायचा नाही, पण ती अट पाळते कोण हे सगळ्यांना माहीत आहे. आणि "कॅश दिली तर १ टक्का कमी" असं बोर्डावर आधीच लिहिलं असेल तर ती सूट झाली, ते चालतं. पैसा तोच, फक्त कोणत्या बाजूनं मोजला एवढाच फरक, तरी कायद्याला तो फरक दिसतो.

प्रश्न : मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर शिकवतात की स्पर्धा वाढली की भाव उतरतो. मग व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे एवढे असूनही क्रेडिटचा इंटरचेंज खाली का येत नाही? प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा विचार आहे.
— विद्यार्थिनी, अमरावती रोड

उत्तर : विषय घ्याच. याच्याइतका उलटा बाजार शोधून सापडणार नाही.

सर सांगतात ते एका बाजूच्या बाजारात खरं आहे. कार्डाचा बाजार दोन बाजूंचा आहे, एकीकडे कार्डवाला ग्राहक, दुसरीकडे दुकानदार, मधे नेटवर्क. आपल्या कळमन्याच्या बाजारातली आडत आठवा, शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मधे आडत्या, आणि कमिशन कोणाकडून कापायचं यावर राज्यात केवढं रण पेटलं होतं, २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली तेव्हा. कमिशन तेवढंच असलं तरी ते कोणाच्या बाजूनं कापतात यावर कोण बाजारात येतो ते ठरतं. कार्डातही तेच, फक्त इथं आडत्याला गिऱ्हाईक म्हणून बँक हवी असते.

म्हणजे बघ, नेटवर्क स्पर्धा कोणासाठी करतं? दुकानदारासाठी नाही. बँकेसाठी करतं, की बाई तू लोकांना माझं कार्ड दे. बँक कोणतं कार्ड वाटेल? ज्यावर तिला इंटरचेंज जास्त मिळेल ते. मग एका नेटवर्कनं इंटरचेंज वाढवला की दुसऱ्यालाही वाढवावा लागतो, नाहीतर बँका पळतात. स्पर्धा भरपूर आहे, फक्त ती भाव वर ढकलते. आणि दुकानदार का नाही म्हणत नाही? कारण नेटवर्कचे दोन नियम. एक म्हणजे नेटवर्कचं एक कार्ड घेतलंस तर त्याची सगळी घ्यायची, साधं चालेल प्रीमियम नको असं चालत नाही. दुसरा, महागड्या कार्डाला जास्त किंमत लावायची नाही. झालं, ग्राहकाला किंमत दिसतच नाही, उलट त्याला पॉइंट मिळतात, तर तो महागडं कार्डच काढणार. जो खर्च करवतो त्याला खर्च दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याला नाही म्हणता येत नाही, सगळ्या कोर्टकज्ज्यांचं मूळ इथं आहे.

वाचायला कुठून सुरुवात करायची ते सांगतो. अमेरिकेत विल्यम बॅक्स्टर यांनी १९८३ मध्ये पहिल्यांदा मांडलं की दोन बाजू आहेत तर एका बाजूकडून दुसरीकडे पैसे सरकवावे लागू शकतात, म्हणजे इंटरचेंज म्हणजे लगेच संगनमत नाही. १९८६ मध्ये इंटरचेंजवरूनच झालेल्या नॅबँको विरुद्ध व्हिसा या खटल्यात अपील कोर्टानं व्हिसाच्या बाजूनं कौल दिला. नंतर फ्रान्सचे ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल यांनी याची नीट थिअरी बांधली, तिरोल यांना २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या ताकदीवरचं काम होतं. त्यांची एक कसोटी मला फार आवडते, पर्यटकाची कसोटी. समज, हिवाळी अधिवेशनाला आलेला मुंबईचा माणूस बर्डीवर तुझ्या दुकानात आला, परत कधी येणार नाही, खिशात कॅशही पुरेशी आहे आणि कार्डही आहे. काउंटरवर उभा राहून विचारतो, काय देऊ? ज्या फीला तुला दोन्ही सारखंच वाटतं, कॅश मोजणं, सांभाळणं, बँकेत भरणं, खोटी नोट तपासणं हे सगळं धरून, ती फी योग्य. त्याच्यावरची फी म्हणजे तुझ्या मजबुरीचा भाव.

ही कसोटी कागदावर राहिली नाही. युरोपियन कमिशननं २००७ मध्ये मास्टरकार्डचा इंटरचेंज स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवला, युरोपच्या सर्वोच्च कोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये ते कायम केलं, आणि २०१५ च्या नियमानं डिसेंबरपासून डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के मर्यादा आली. हे आकडे याच कसोटीतून आलेत. आता आपल्याशी तुलना कर. युरोपनं इंटरचेंजला बांधलं आणि दुकानदाराचा एकूण रेट बाजारावर सोडला. आपण डेबिटला उलटं केलं, एकूण एमडीआर बांधला आणि आत कोणी किती घ्यायचं ते नेटवर्कवर सोडलं. त्यामुळं आपल्याकडं चिमटा बसतो तो मशीन देणाऱ्या बँकेला, मग ती छोट्या गावात मशीन लावायला कुरकुर करते. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न हा आहे, क्रेडिट मोकळं आणि डेबिट बांधलेलं असं का.

आणि दुसरी बाजूही वाच, नाहीतर एकांगी होईल. २०१८ चा ओहायो विरुद्ध अमेरिकन एक्स्प्रेस. दुकानदारांना ग्राहकाला दुसऱ्या स्वस्त कार्डाकडे वळवायला अमेक्स मनाई करत होती, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं म्हटलं की फक्त दुकानदाराचं नुकसान दाखवून भागणार नाही, कार्डवाल्याचा फायदाही मोजा, बाजार दोन्ही मिळून एक. चौघांचं विरोधी मत मुळातून वाच, मला तेच पटतं.

प्रश्न : माझा मेडिकल चौकात तर्री पोह्याचा ठेला आहे. एका पोरानं क्यूआर स्कॅन केला आणि म्हणे काका हे क्रेडिट कार्डवरून गेलं. आता माझे पैसे कटतील का? आणि साउंडबॉक्सचे दर महिन्याला कटतात ते कशाचे?
— पोहेवाले

उत्तर : घाबरू नका. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाली, आणि छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर त्याचा चार्ज नाही. पोह्याची प्लेट २,००० ला जायची तेव्हा बघू. वॉलेटमधून आलेल्या पैशांवर एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज आहे, तोही २,००० च्या वरच. खात्यातून खात्यात साधं यूपीआय, शून्य.

साउंडबॉक्सचं भाडं मात्र वेगळं, ते एमडीआर नाही, डब्ब्याचं भाडं आहे. शून्य एमडीआर झाल्यावर कंपन्यांनी कमाईचा दुसरा रस्ता काढला तो हाच. नको असेल तर परत करा, मोबाइलवर मेसेज येतोच, पण सकाळच्या गर्दीत तुम्ही मेसेज बघणार कधी हाही प्रश्न आहे.

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. म्हणतो तिकडं दुकानदार आता बिलावर ३ टक्के कार्ड चार्ज लिहून घेतात आणि कायदेशीर आहे. अमेरिकेत एवढे कायदे आणि असं कसं?
— निवृत्त प्राध्यापक, लक्ष्मीनगर

उत्तर : अमेरिकेनं फक्त डेबिट बांधलं सर, तेही मोठ्या बँकांचं. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातली डर्बिन दुरुस्ती म्हणतात तिला. १० अब्ज डॉलरच्या वर मालमत्ता असलेल्या बँकांना ऑक्टोबर २०११ पासून दर डेबिट व्यवहाराला जास्तीत जास्त २१ सेंट, वर रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फ्रॉड रोखायची व्यवस्था असेल तर आणखी १ सेंट. त्याआधी सरासरी ४४ सेंट पडायचे, म्हणजे जवळपास निम्मं.

त्यानंतर काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. छोट्या रकमेच्या व्यवहारांना नेटवर्क आधी सवलत देत होतं, कॉफीवाल्याला काही सेंटच पडत होते. मर्यादा २१ ची आल्यावर नेटवर्कनं तीच मर्यादा रेट म्हणून लावली आणि कॉफीवाल्याचा खर्च वाढला! कायदा आला दुकानदारासाठी आणि छोटा दुकानदारच त्यात चेपला गेला. बँकांनी इकडं डेबिटवरचे पॉइंट बंद केले, एका मोठ्या बँकेनं डेबिट कार्ड वापरायचे महिन्याला ५ डॉलर लावायचं जाहीर केलं आणि लोकांचा संताप पाहून महिन्याभरात मागं घेतलं.

क्रेडिट मोकळंच राहिलं. दुकानदारांनी २००५ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डविरुद्ध सुरू केलेला मोठा खटला अजून तुटता तुटत नाही. २०१२ ची ७.२५ अब्ज डॉलरची तडजोड अपील कोर्टानं २०१६ मध्ये उडवली, मग पैशांपुरती साडेपाच अब्जांच्या आसपासची झाली, नियम बदलण्याची तडजोड जून २०२४ मध्ये न्यायाधीश मार्गो ब्रॉडी यांनी पुरेशी नाही म्हणून नाकारली. त्या २०१२ च्या भांडणातूनच दुकानदारांना क्रेडिटवर सरचार्ज, म्हणजे ग्राहकाकडून जास्तीचा चार्ज, लावायची मुभा मिळाली, ती तुमच्या मुलाला बिलावर दिसते. काही राज्यांत त्यावर वेगळे नियम आहेत. ऑस्ट्रेलियानं २००३ मध्येच दोन्ही केलं होतं, क्रेडिटचा इंटरचेंज ०.९५ टक्क्यावरून ०.५५ च्या आसपास आणला आणि सरचार्जची परवानगी दिली. ब्रिटननं याच्या उलट, जानेवारी २०१८ पासून ग्राहकावरचा सरचार्जच बंद केला.

मुलाला सांगा डेबिट वापर. त्यावर सरचार्ज लावायची मुभा तिकडंही नाही.

प्रश्न : मी सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करते, वेळेवर बिल भरते, वर्षाला विमानाचं एक तिकीट पॉइंटवर निघतं. हे फुकटच मिळालं ना?
— गृहिणी, प्रतापनगर

उत्तर : तुम्हाला फुकट ताई, बाकीच्यांना नाही. पॉइंटचा पैसा बऱ्याच अंशी इंटरचेंजमधून येतो, दुकानदार तो खर्च भावात मिसळतो, आणि तो भाव कॅश देणारा माणूसही भरतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये हे मोजलं होतं, अमेरिकेत कॅशवालं एक घर वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांकडं सरकवतं आणि कार्डवाल्या घराला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. आपल्याकडं क्रेडिट कार्डवाले कमी, म्हणून आकडा असा नसेल, दिशा मात्र तीच. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई त्याच किराणा दुकानात कॅशनं साखर घेतात.

तिकीट घ्या, सोडू नका. तुम्ही सोडलं तर बाईंची साखर स्वस्त होणार नाही.

प्रश्न : यूपीआय कायमचं फुकट राहील का? की आधी सवय लावायची आणि मग चार्ज लावायचा असा डाव आहे?
— कापड व्यापारी, गांधीबाग

उत्तर : फुकट नाहीच आहे भाऊ, फक्त तुमच्याकडून घेत नाहीत. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१९ मध्ये १०ए कलम घातलं. बँकेनं किंवा सिस्टिम चालवणाऱ्यानं ठरलेल्या माध्यमांवर पैसे देणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून, सरळ किंवा आडवाटेनं, कुठलाही चार्ज घ्यायचा नाही. ठरलेली माध्यमं म्हणजे रुपे डेबिट, यूपीआय आणि यूपीआय क्यूआर. म्हणजे हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या मनावर नाही, तिला सर्क्युलर काढून बदलता येत नाही, कायद्याला किंवा त्याखालच्या सरकारी नियमाला हात लावावा लागेल.

पण खर्च आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये चर्चेसाठी एक पेपर काढला होता, त्यात ८०० रुपयांच्या दुकानातल्या यूपीआय व्यवहाराला सगळ्यांचा मिळून साधारण २ रुपये खर्च येतो असा हिशोब दिला होता. सरकार बँकांना प्रोत्साहन म्हणून पैसे देतं, २०२४-२५ साठी १,५०० कोटी मंजूर झाले, छोट्या दुकानदाराच्या २,००० पर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. ८०० वर लावा, १ रुपया २० पैसे. २ रुपयांचा खर्च आणि १.२० ची भरपाई, आणि मोठ्या दुकानाच्या व्यवहारावर तेही नाही. उरलेलं बँका सोसतात आणि कुठून तरी काढतात, मिनिमम बॅलन्सच्या दंडातून असो की साउंडबॉक्समधून. जून २०२५ मध्ये यूपीआयवर एमडीआर येणार अशी आवई उठली तेव्हा अर्थ मंत्रालयानं लगेच इन्कार केला, पण पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले की खर्च कोणाला तरी भरावाच लागेल.

आमचं मत विचाराल तर मोठ्या मॉलकडून, मोठ्या कंपन्यांकडून थोडा एमडीआर घ्यायला हरकत नाही, त्यांची कॅश मोजायची, न्यायची, विमा काढायची कटकट यूपीआयनं वाचवलीच आहे, ते वाचलेले पैसे त्यांनी कुठं ग्राहकाला परत दिले? पण पोहेवाल्याला आणि तुमच्यासारख्या गांधीबागेतल्या दुकानाला हात लावला तर लोक परत कॅशवर जातील, एका आठवड्यात जातील. तुम्ही स्वतःच जाल.

प्रश्न : पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डानं १ टक्का सरचार्ज कटतो आणि मग परत येतो, पण पूर्ण येत नाही. का?
— वाडीहून

उत्तर : पंपवाल्याचा मार्जिन लिटरमागं ठरलेला असतो, भाव वाढवून त्याला कार्डाचा खर्च काढता येत नाही, म्हणून इंधनावर सरचार्जची पद्धत रुळली. जानेवारी २०१७ मध्ये याच १ टक्क्यावरून पंपवाल्यांनी कार्ड घेणं बंद करायची धमकी दिली होती. बँक सरचार्ज माफ करते पण त्यावरचा जीएसटी परत करत नाही, तेवढे पैसे राहतात. आणि माफीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त रकमेची अट असते, ४०० च्या खाली भरलं तर बऱ्याच कार्डांवर माफी मिळतच नाही. तुमच्या कार्डाची अट ॲपमध्ये बघा. नाहीतर सरळ यूपीआय करा.